पहिला शब्द हरणाऱ्याचा

मागच्या महिन्यात याच पानावर मी विचारलं होतं की ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना चॅटमध्ये जी चेष्टामस्करी चालते तिच्याबद्दल कुणाला काही विचारायचंय का, आणि मला वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, पण आली ती वाचायलाच आठवडा गेला. मी स्वतः बारा वर्षं एका ऑनलाइन गटात खेळतेय आणि त्यातली सहा वर्षं तिथलं चॅट सांभाळतेय, म्हणून उत्तरं त्या अनुभवातून देतेय. सगळी पत्रं घेता आली नाहीत.

नमस्कार ताई, तीन महिन्यांपूर्वी मी एका बुद्धिबळ गटात आलो, रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) अकराशेच्या आसपास. परवा नवव्या खेळीला माझा वजीर फुकट गेला आणि डाव बघणाऱ्या एकाने लगेच लिहिलं, 'वजिराला आज सुट्टी दिली वाटतं'. बाकीच्यांनी हसणारे इमोजी टाकले. माणसं वाईट नाहीत, एरवी मदत करतात, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी जास्तच हळवा आहे का?

अजिबात नाहीस. वजीर फुकट गेला की पोटात खड्डा पडतो आणि तो दोन हजार रेटिंगवाल्यालाही पडतो, फक्त तो बोलून दाखवत नाही. त्या वाक्यात तसं वाईट काही नव्हतं, मला तर ते आवडलं. पण ते कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं ते बघ ना. म्हणणारा डाव खेळतच नव्हता, आणि तू अजून हरलाही नव्हतास, डाव चालू होता!

बाजूला उभं राहून डावावर बोलणाऱ्या माणसाला बुद्धिबळात किबिट्झर म्हणतात, शब्द यिडिश भाषेतून आलाय, आणि ही जमात नेट यायच्या कितीतरी आधीपासूनची आहे. पॅरिसमध्ये काफे द ला रेजान्स नावाचं ठिकाण होतं, अठराव्या शतकात तेव्हाचा नामवंत खेळाडू फिलिदोर तिथे खेळायचा, तत्त्वज्ञ रूसोसुद्धा खेळायला यायचा, आणि तिथे टेबलाभोवती बघ्यांची गर्दी असायचीच. पण तिथे एक सोय होती, समोरच्याचा चेहरा दिसायचा. त्याचे कान लाल झाले की बोलणाऱ्याला कळायचं की आता पुरे. चॅटमध्ये तुझे लाल कान कुणाला दिसणार? म्हणून जे काम चेहरा करायचा ते आता नियमाने करायला लागतं.

आमच्या गटात एक नियम आहे आणि तो मी मनापासून पाळते आणि पाळायला लावते. डाव संपला की पहिला शब्द हरणाऱ्याचा. जिंकणारा गप्प, बघणारेही गप्प. हरणाऱ्याने स्वतःच लिहिलं की 'बघा कसा वजीर घालवला मी', की दार उघडलं, मग काय वाटेल ते चिडवा, रात्रभर चिडवा. त्याने नुसतं 'जीजी' (गुड गेम) लिहिलं तर विषय तिथेच संपला. हा नियम आला तो एका मुलीमुळे. आम्ही तिला पहिल्याच आठवड्यात एका मूर्ख चुकीवरून पिडलं, सगळ्यांनी मिळून, प्रेमाने वगैरे, आणि ती परत कधीच आली नाही. चांगलं खेळायची. मला आजही तिचं युजरनेम लॉगइन झालेलं दिसेल असं वाटतं.

आणि दुसरं म्हणजे, चिडवायचा हक्क खेळून मिळतो. जो तुझ्याकडून एकदा हरलाय किंवा ज्याच्याकडून तू हरलायस त्याने चिडवलं तर ते दोघांमधलं असतं, नुसत्या बघणाऱ्याने चिडवलं तर ते वरून पडतं. तेव्हा तू आता असं कर, त्याच माणसाला डावाचं चॅलेंज पाठव. हरलास तरी चालेल. डाव झाला की सरळ सांग की परवा मला लागलं होतं. दहापैकी नऊ जण सॉरी म्हणतात, आणि पुढच्या वेळी त्याचा वजीर गेला की तुझ्याकडे वाक्य तयार असू दे.

ताई, आमच्यातला एक जण पांढरी घेतली की ई चार खेळतो, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, आणि दुसऱ्याच खेळीत राजा एक घर पुढे, ई दोनवर आणून ठेवतो. समोर कुणीही असो. आमच्यातले काही जण म्हणतात हा अपमान आहे, 'तुला हरवायला मला नीट खेळायची गरज नाही' असं सांगणं आहे. त्याला बंदी घालावी का?

बंदी कशाला! त्या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांना, बाँगक्लाउड म्हणतात आणि ती किती वाईट आहे हे खेळणाऱ्यालाही माहीत असतं. कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं) गेलं, उंटाची वाट अडली, वजिराचीही अडली, राजा उघड्यावर. २०२१ च्या मार्चमध्ये तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने अमेरिकेच्या नाकामुरासमोर हीच खेळी केली, मॅग्नस कार्लसन इन्व्हिटेशनल या ऑनलाइन स्पर्धेत, दोघंही आधीच पुढच्या फेरीत गेले होते म्हणून त्या डावावर काही अवलंबून नव्हतं. नाकामुराने काय करावं, त्यानेही राजा ई सातवर आणला! मग दोघांचे राजे एक घर पुढे एक घर मागे करत राहिले आणि सहा खेळ्यांत तीनदा तीच स्थिती येऊन डाव बरोबरीत सुटला, आणि कार्लसनला हसू आवरेना. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिलाय ते सांगत नाही.

अर्थात काही जणांना ते आवडलं नाही, खेळाची थट्टा केली म्हणाले, आणि त्यांचंही मला पटतं, स्पर्धेचा डाव म्हणजे शेवटी स्पर्धेचा डाव. पण गटातल्या मैत्रीच्या डावात प्रश्न वेगळा आहे. तुमचा हा माणूस सगळ्यांसमोर तेच खेळतो ना? मग अपमान नाही, ती त्याची ओळख आहे. नुसतं कमजोर खेळाडू दिसला की राजा बाहेर काढत असेल आणि तगड्यासमोर गुपचूप नीट खेळत असेल, तर मात्र त्याला बाजूला घेऊन बोला.

विचित्र ओपनिंगला तर मोठी परंपरा आहे. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत टार्टाकोवर नावाचा खेळाडू सुट्टीच्या दिवशी ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला, तिथे सुझन नावाची ओरांगउटान होती, आणि मग त्याने मारोत्सीसमोर पहिलीच खेळी बी चार केली, म्हणजे वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, सुझनचा सल्ला घेऊन म्हणे. तेव्हापासून त्या ओपनिंगला ओरांगउटान हेच नाव पडलं. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत ते वर्षानुवर्षं फक्त बी चार खेळतात आणि डाव सुरू होण्याआधी चॅटमध्ये 'सुझनला नमस्कार' असं लिहितात. नवा माणूस गोंधळतो, मग कुणीतरी त्याला ही गोष्ट सांगतं, आणि तो त्या दिवसापासून आमच्यातला होतो. असली माणसं गटात नसतील तर गट कशाला हवाय, मग कंप्युटरशीच खेळा.

डाव संपल्या संपल्या जिंकणारा 'जीजी' लिहितो तेव्हा माझं डोकं फिरतं. मी हरतोय आणि हा म्हणतोय छान डाव झाला. हे टोचून बोलणं नाही का?

बहुतेक वेळा नाही. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तर हे शब्द बटणासारखे तयार असतात, डाव सुरू होताना हाय, गुड लक, हॅव फन, संपला की गुड गेम, वेल प्लेड, थँक यू, आणि माणूस सवयीने बटण दाबतो. तरी माझं मत विचारशील तर जिंकणाऱ्याने थांबावं, कारण वर सांगितलं तेच. तुला फारच त्रास होत असेल तर झेन मोड लावून बघ, डाव चालू असताना चॅट आणि रेटिंग दोन्ही दिसत नाहीत, नुसता पट.

आमच्या गटात एक बाई आहेत. डाव संपला की कधीच काही बोलत नाहीत, फक्त एका घराचं नाव लिहितात. 'डी ५'. बस एवढंच. आणि ऑफलाइन. मुलं त्यांची नक्कल करतात. मला ते उद्धट वाटतं पण नक्की कळत नाही. तुमच्याकडे आहेत का असे नमुने?

त्या तुमच्या गटातलं सोनं आहेत. कृपा करून आज रात्री एक काम करा, त्यांनी शेवटचं जे घर लिहिलं असेल तो डाव उघडा आणि ते घर बघा. माझी खात्री आहे की तिथे काहीतरी सापडेल, घोड्याला बसायला जागा होती, किंवा प्यादं पुढे सरकवलं आणि ते घर कायमचं कमकुवत झालं, असं काहीतरी. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्रॅम, तुम्हाला वीस खेळ्यांची ओळ आणि दशांशातला आकडा देतं, त्यातून काय शिकायचं ते आपलं आपण शोधायचं. ही बाई तुम्हाला एका अक्षरात आणि एका आकड्यात सांगतेय की डाव कुठे फिरला. नक्कल करणाऱ्या मुलांना म्हणावं नक्कल बरोबर करा, म्हणजे आधी डाव बघा आणि मग घर ओळखून दाखवा, चुकलात तर त्या सांगतीलच. हा खेळ आमच्याकडे सुरू केला तर पोरं तासन्‌तास बसतील.

आमच्याकडचे नमुने विचारताय तर किती सांगू. एक जण आहे तो चौथ्या खेळीला लिहितो 'संपलं, मी हरलो' आणि पुढे चाळीस खेळ्या लढून जिंकतो, आणि हे तो मुद्दाम फसवायला करत नाही, त्याला खरंच प्रत्येक वेळी वाटतं की संपलं. आम्ही त्याला आता मनापासून श्रद्धांजली वाहतो आणि मग तो जिंकला की अभिनंदन करतो, तो दोन्ही सारख्याच गंभीरपणे स्वीकारतो. एक काका आहेत ते मारलेल्या प्याद्याची माफी मागतात, समोरच्याची नाही, प्याद्याची. 'ए चारवाल्या, माफ कर रे.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, पण पुढे लक्षात आलं की काका प्यादी फार जपून मारतात, उगाच अदलाबदल करत नाहीत, आणि एन्डगेममध्ये त्यांच्याकडे नेहमी एक प्यादं जास्त उरतं! मग तो विक्षिप्तपणा म्हणायचा की अभ्यास?

अजून एक मुलगी, कॉलेजात आहे, ती आपल्या दोन्ही उंटांना एकमेकांशी बोलायला लावते. पांढऱ्या घरातला काळ्या घरातल्याला विचारतो 'आपण कधी भेटणार?' आणि दुसरा म्हणतो 'कधीच नाही रे, नियम वाच.' तिच्यामुळे आमच्या गटातल्या निदान पाच नवख्यांना कायमचं कळलं की उंटाच्या घराचा रंग बदलत नाही.

आमच्यातले एक आजोबा (वय माहीत नाही, सगळे आजोबाच म्हणतात) तीन मिनिटांच्या डावात टाइप करत बसतात आणि वेळ संपून हरतात. स्थिती जिंकलेली असते. सांगू का त्यांना की गप्पा कमी करा?

नको सांगू. त्यांना गप्पा मारायच्यात आणि डाव हे निमित्त आहे. त्यापेक्षा घड्याळ बदल. तीन मिनिटं अधिक दोन सेकंद असा डाव लाव, म्हणजे प्रत्येक खेळीला दोन सेकंद वाढून मिळतात, किंवा सरळ पंधरा अधिक दहा. असं वेळ वाढवून देणारं घड्याळ जगज्जेता राहिलेल्या बॉबी फिशरच्या डोक्यातून आलं, १९८८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या पुनर्सामन्यात ते वापरलं. फिशर स्वतः फार बोलका माणूस नव्हता, पण त्याच्या घड्याळाने बोलक्या माणसांची मोठी सोय केली. आजोबांना हे नक्की सांग, त्यांना आवडेल आणि त्यावर ते एक डाव हरतील.

एरिना स्पर्धेत (ठरावीक वेळात जमतील तितके डाव खेळायचे अशी ऑनलाइन स्पर्धा) माझ्यासमोर आलेला माणूस लगेच बर्सर्क दाबतो. मला एवढं कच्चं समजतात का?

बर्सर्क म्हणजे स्वतःचा वेळ अर्धा करून जिंकल्यास एक जादा गुण. तो गुणांसाठी दाबतोय, तुझ्यासाठी नाही. तुझ्याकडे आता त्याच्या दुप्पट वेळ आहे, तो वापर, घाईत त्याच्यासारखं खेळू नकोस. बस.

ताई, एक गोष्ट विचारायची होती. मी एका मित्राला सलग चार डाव हरवले तर तो गमतीत म्हणाला 'स्टॉकफिश लावलंय का रे?' मग सगळेच म्हणायला लागले, आता माझं टोपणनावच मासा झालंय. मीही हसतो. पण जिंकायला नको वाटतं हल्ली.

तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. हे लगेच थांबायला हवं आणि ते तू थांबवायचं नाहीस, गट सांभाळणाऱ्याने थांबवायचं, त्याला हे पान दाखव.

स्टॉकफिश म्हणजे फुकट मिळणारं इंजिन, जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा ताकदवान, आणि डाव चालू असताना त्याची मदत घेणं ही ऑनलाइन बुद्धिबळातली सगळ्यात मोठी चोरी, खातं कायमचं बंद होऊ शकतं. आता बघ, वजीर घालवल्याची चेष्टा ही घडलेल्या गोष्टीची चेष्टा आहे, पटावर सगळ्यांना दिसलेली. ही चेष्टा न घडलेल्या गोष्टीची आहे. आणि तिला उत्तरच नाही, कारण 'मी नाही लावलं' हे पटावर सिद्ध कसं करणार? हरूनच करता येतं. म्हणून तुला जिंकायला नको वाटतंय, तू मनातल्या मनात पुरावा द्यायला लागलायस. आमच्याकडे ही एकच गंमत पूर्ण बंद आहे. कुणाला खरंच संशय असेल तर त्याने साइटला रिपोर्ट करावा, गुपचूप, तिथे तपासणारे लोक आहेत.

संशय माणसाला कुठे नेतो ते १९७८ मध्ये फिलिपिन्समधल्या बागिओला दिसलं होतं. कार्पोव्ह आणि कोर्चनोई जगज्जेतेपदासाठी खेळत होते आणि डाव चालू असताना कार्पोव्हला दही आणून दिलं, तर कोर्चनोईच्या बाजूने तक्रार झाली की यातून सांकेतिक निरोप जाऊ शकतो. मग कुठलं दही कधी द्यायचं ते ठरवून घ्यावं लागलं. प्रेक्षकांत बसलेल्या एका परामानसशास्त्रज्ञावरून वाद, कोर्चनोईच्या आरशासारख्या चष्म्यावरून वाद. जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू आणि चर्चा दह्याची. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत स्पष्ट कलम आहे, ११.५, की प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायला किंवा त्याला त्रास द्यायला कुठल्याही प्रकारे मनाई आहे. 'कुठल्याही प्रकारे' यात टोपणनावही आलं असं मी धरते.

तू जिंकत राहा. चार काय चौदा डाव जिंक.

आम्ही चॅटला ऑटोमॅटिक फिल्टर लावलाय, शिव्या अडवायला. पण तो 'काळ्याला मारा', 'पांढऱ्याचा बचाव कोसळला' असली वाक्यंही अडवतो. काय करावं?

हे तुमच्याच बाबतीत होतंय असं नाही. २०२० च्या जूनमध्ये यूट्यूबवरचं अगॅडमेटर हे मोठं बुद्धिबळ चॅनल मध्येच काही काळ बंद झालं होतं, कारण कधी नीट सांगितलं गेलं नाही. त्यावरून कार्नेगी मेलनच्या दोन संशोधकांना शंका आली की काळे-पांढरे, हल्ला, धमकी हे शब्द मशीनला वंशद्वेषासारखे वाटत असतील. त्यांनी पाच बुद्धिबळ चॅनलांवरच्या ६,८०,००० हून जास्त कॉमेंट अशा मशीनमधून काढल्या, आणि द्वेषपूर्ण म्हणून पकडलेल्यांपैकी १,००० हाताने तपासल्या, तर त्यातल्या ८२ टक्क्यांत द्वेष नव्हताच.

तेव्हा फिल्टर ठेवा, पण त्याला मेसेज उडवू देऊ नका, फक्त बाजूला काढून ठेवू दे आणि माणसाने बघावं. आम्ही आळीपाळीने बघतो. वेळ जातो, पण 'मासा' हा शब्द कुठलाही फिल्टर पकडणार नाही, तो माणसालाच कळतो.

शेवटचं पत्र: आमच्यातला एक जण चार वर्षं माझ्याशी पत्राने खेळतात तसे लांब डाव खेळायचा, एका खेळीला चौदा दिवस. दर वेळी खेळी करताना एक ओळ लिहायचा, 'अजून जिवंत आहेस का, तुझी खेळी आहे'. दीड महिना झाला, काहीच नाही. बाकी कुणालाही त्याचा पत्ता माहीत नाही, आम्हाला फक्त युजरनेम माहीत. त्याचा वेळ संपला आणि साइटने मला विजयी घोषित केलं. मला हा विजय नकोय.

साइटला काही कळत नाही, तिला फक्त घड्याळ कळतं. तो विजय तिथे राहू दे, त्याने काही होत नाही.

तो डाव उघडून शेवटची स्थिती कॉपी करून ठेव, ती एका ओळीत मिळते, एफईएन म्हणतात तिला, त्या ओळीवरून तोच पट पुन्हा मांडून नवा डाव सुरू करता येतो, आणि लीचेसवर तर वेळेची मर्यादा नसलेला डावही लावता येतो. ती ओळ त्याला मेसेजमध्ये पाठवून दे. चौकशीचे मोठे मेसेज नको लिहूस, आजारी आहे की आणखी काही ते आपल्याला माहीत नाही, आणि आजारी माणसाला उत्तरं द्यायचं ओझं होतं. नुसती ती ओळ, आणि खाली त्याचंच वाक्य, पहिला अर्धा भाग सोडून.

'तुझी खेळी आहे.'